हंसाच्या चोचीतला निळा

"यातला एक निळा आहे," कुमुद म्हणाली.

परसातल्या उंच स्टुलावर ती बसली होती, एक डोळा दुर्बिणीला आणि दुसरा तळहातानं झाकलेला. आत कुकर चढवून 'जरा बघते' म्हणून ती बाहेर आली होती. दुर्बीण घरात आल्यापासून तिला असं जरा बघावंसं पहिल्यांदाच वाटलं होतं, त्यामुळे मी खुशीत होतो. तिला आवडावं म्हणून मुद्दाम हंसाची चोच लावून दिली होती. हंस हा ताऱ्यांचा समूह ऑक्टोबरात अंधार पडला की आमच्या पेरूच्या झाडावर पंख पसरून असतो. त्याच्या चोचीचा तारा नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो. दुर्बिणीतून पाहिलं की त्याचे दोन होतात.

"निळा नाही," मी म्हणालो. "मोठा आहे तो पिवळा आणि लहान आहे तो राखाडी."

"राखाडी कुठला? चांगला निळा आहे. पिवळ्याला चिकटून बसलाय इवलासा. किती गोड दिसतोय हो!"

"कुमुद, मी हा तारा कागदावर किती वेळा काढलाय माहीत आहे का तुला?"

"असेल. पण निळा आहे."

कुकरची शिट्टी झाली आणि ती पदर सावरत आत गेली. मी घाईनं स्टुलावर बसलो. पिवळा होता. राखाडी होता. निळ्याचा कुठे मागमूस नव्हता.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर साताऱ्याला घरामागच्या जागेत काचेवर काच घासून मी दुर्बिणीचा आरसा स्वतः तयार केला, नळी रंगवली, आणि संध्याकाळी जे दिसेल त्याची चित्रं काढायला लागलो. चंद्रावरचे खड्डे, गुरूचे पट्टे, ताऱ्यांच्या जोड्या. फोटो काढणारे पुष्कळ असतात. पण हातानं काढायचं म्हणजे एकेका ठिपक्याकडे टक लावून बसावं लागतं, आणि असं बसलं की सुरुवातीला न दिसणारं हळूहळू दिसायला लागतं. त्यातलं सुख ज्याला कळलं त्याला कळलं. गावात आमचं आकाशमित्र मंडळ होतं, त्यात माझ्या रेघेला मान होता. मंडळ दरवर्षी दिवाळीनंतर एक चित्र निवडायचं आणि फ्रेम करून वाचनालयाच्या जिन्यात लावायचं. त्या जिन्यातल्या बहुतेक फ्रेमा माझ्या होत्या. यंदाचीही माझीच असणार हे मी गृहीत धरलं होतं.

मंडळाचा नियम एकच होता, दिसेल तेच काढायचं. पुस्तकात त्या लहान ताऱ्याला निळा म्हटलं आहे हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षी मीही त्याला निळसर काढला असेन. पण तेव्हा मी नवा होतो, पुस्तकाच्या भरीला पडत होतो. पुढे नजर तयार झाली, आणि मला प्रामाणिकपणे राखाडी दिसला तो मी प्रामाणिकपणे राखाडी काढला. निळा काढणारे पुस्तकातून काढतात असं माझं मत होतं आणि ते मी मंडळात बोलूनही दाखवायचो.

आता कुमुदनं तर कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती पुन्हा बाहेर आली. हातात स्टीलची एक चेपलेली वाटी होती.

"मलाही एक कागद द्या."

"कशाला?"

"तुम्ही काढता तसं काढते की."

वाटी उपडी घालून तिनं गोल काढला. मी कंपासनं काढतो. मग लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात (पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात, म्हणून आम्ही लाल वापरतो) तिनं माझ्या पेन्सिलींच्या डब्यात हात घातला.

"एकेक उचल आणि होती तिथेच ठेव," मी म्हणालो. "लाल उजेडात रंग कळत नाहीत. मी जागेवरून ओळखतो."

"बरं, साहेब."

तिचं चित्र पाहून मला हसू आलं. पिवळा तारा बुंदीच्या लाडवाएवढा, गोल एका बाजूला चेपलेला. पण दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या दिवशी भाजी सकाळीच चिरून ठेवली होती. आठवड्याभरात स्टूल माझं राहिलं नाही. मी दुर्बीण लावून द्यायची, ती सरकली की पुन्हा तारा धरून द्यायचा, आणि बाईसाहेबांनी बसायचं. आणि ती बघत असताना बोलायची हे सगळ्यात वाईट. "अय्या, इथे अजून एक बारका आहे." "या कोपऱ्यात धुरासारखं काय आहे हो?" मग मी बसायचो तर बारका सापडायचा नाही, धूर तर नाहीच नाही. मी म्हणायचो, "हो, आहे खरा." हे बोलताना माझा जीव जळायचा. तो आरसा मी घासला होता. पावसाळाभर उभं राहून माझे खांदे भरून आले होते, आणि त्या आरशानं दाखवायचं ते तिला!

अमावस्येजवळच्या शनिवारी मंडळ आमच्याकडे जमलं. आमची पद्धत अशी की महिन्याभराची चित्रं व्हरांड्यातल्या कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावायची, नावं न घालता. मग चहा घेत सगळे दोरीच्या कडेनं फिरतात. कुमुदनं तिची लावू नयेत असं मला वाटत होतं, पण ती चिमटे घेऊनच उभी होती.

टोणपे सर मंडळाचे सर्वेसर्वा. हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि आता उरलेल्या जगाला शिकवतात. माझ्या चित्रांपुढे ते थांबले, मान डोलावली, पुढे गेले. कुमुदच्या चेपलेल्या गोलापुढे थांबले ते हललेच नाहीत.

"हे कुणाचं?"

"माझं," कुमुद म्हणाली. "हसू नका हं सर, मला रेघ येत नाही."

"रेघ जाऊ द्या हो वहिनी. रेघ गुमास्त्यांकडे आहे." माझ्याकडे बोट करून सरांनी चष्मा वर केला आणि चित्राला नाक लावलं. "पण हे बघून काढलंय! हा निळा बघा. आणि हा अंधूक तारा मला गेल्या वर्षी एकदाच दिसला होता. गुमास्ते, हे चित्र बघून काढलेलं आहे!"

म्हणजे माझी काय झोपून काढलेली होती? सगळे तिथे जमले. माझ्या बाजूच्या दोरीपाशी कुणी उरलं नाही. कुमुद लाजत चहा ओतत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की तो पाहून मला बरं वाटायला हवं होतं. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. मी हातातली बिस्किटांची ताटली कोणालाही न विचारता आत नेऊन ठेवली.

"यंदा जिन्यात वहिनींचं चित्र लावायचं का?" जाता जाता सर म्हणाले. तेही मलाच.

त्या दिवशी जेवताना ताक वाढत तिनं विचारलं, "तुम्ही जळताय का माझ्यावर?"

"मी? तुझ्यावर?"

"हो. पायात एक मोजा काळा आणि एक निळा घालून जळताय."

मी खाली पाहिलं. "दोन्ही काळे आहेत."

कुमुद काहीतरी बोलणार होती. मग तिनं माझ्या पायांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि ताकाचं पातेलं उचलून ती आत गेली. तिला उत्तर सुचलं नाही याचं मला समाधान वाटलं.

"हे बघ," मी आतल्या दिशेनं आवाज चढवून म्हणालो, "टोणपे सरांच्या तोंडून कधीतरी निळा ऐकला असशील तू. तेच डोक्यात बसलंय. माणसाला जे ऐकलंय ते दिसतं."

"मग पाठीला पाठ करा की," ती आतून म्हणाली.

हे तिला कुठून कळलं कोण जाणे. पाठीला पाठ ही आमची शेवटची कसोटी. दोघांचं एखाद्या गोष्टीवरून अडलं की दोघांनी पाळीपाळीनं बघायचं, एकमेकांकडे पाठ करून बसायचं आणि काढायचं. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. मग दोन्ही कागद एकदम दिव्याखाली ठेवायचे. जे दोघांच्या कागदावर आहे ते खरं. नवराबायकोंत आजवर ही वेळ आली नव्हती.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी सर पंच म्हणून आले. स्वेटर घालून, मफलर गुंडाळून, एखाद्या लग्नाच्या बोलणीला आल्यासारखे. मी बाहेरचे सगळे दिवे घालवले. हंस आता डोक्यावरून कलला होता, पण चोच अजून चांगली वर होती.

"जे ठरेल ते जिन्यात लागेल," सर म्हणाले. "चालेल ना, गुमास्ते?"

"चालेल."

कुमुद आधी बसली. वेळ लावून बसली. काढून झाल्यावर तिनं डबा माझ्याकडे सरकवला आणि पाठ केली. मग मी बसलो. आयुष्यात इतकं मन लावून मी काही पाहिलं नसेल. डोळ्यात पाणी येईपर्यंत पाहिलं. मी स्वतःला बजावलं, निळा दिसला तर निळाच काढायचा, हार तर हार. पण नव्हता. पिवळा होता आणि त्याच्या शेजारी स्वच्छ राखाडी. मी डब्यात हात घातला, उजव्या टोकाची राखाडी पेन्सिल काढली, आणि हलक्या हातानं तो लहान तारा भरला. त्याच्याभोवतीची किंचित प्रभाही दाखवली. चित्र सुरेख झालं होतं. लाल उजेडातही कळत होतं.

"झालं," मी म्हणालो.

आम्ही आत आलो. सरांनी ट्यूब लावली आणि दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सरांनी टेबलावर थाप मारली.

"वा! गुमास्ते, वा! अहो, तुम्हालाही निळा दिसला की!"

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"काय सुंदर निळा भरलाय. वहिनींपेक्षा नाजूक. मग इतके दिवस भांडत काय होता?"

"सर, तो राखाडी आहे," मी म्हणालो.

"कुठला?"

"हा. मी काढलेला. राखाडी पेन्सिलनं काढलाय मी."

सरांचं हसू अर्धवट राहिलं. त्यांनी कुमुदकडे पाहिलं. कुमुदनं तोंडावर हात ठेवला होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पेन्सिल मी ठेवली शेवटची. अंधारात चुकीच्या जागी गेली असेल." मग जवळ येऊन तिनं माझ्या कागदावर बोट ठेवलं. "हा निळा आहे. हे दिसत नाही तुम्हाला?"

मी कागद उचलून ट्यूबखाली धरला. तिरपा करून पाहिला. डोळे चोळून पाहिला. माझ्याच हातानं काढलेला तो ठिपका होता आणि तो राखाडी होता. कुमुदनं डबा आणला आणि दोन पेन्सिली माझ्यापुढे धरल्या.

"यातली निळी कुठली?"

मी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. मग जोरात म्हणालो, "ही ट्यूब खराब झालीय, कधीची बदलायला सांगतोय." आणि मला एकदम ते मोजे आठवले. हल्ली आकाश दिवसासुद्धा मळकट दिसतं म्हणून मी खडी फोडणाऱ्यांना शिव्या द्यायचो, तेही आठवलं. मी खुर्चीत बसलो.

"उद्याच डोळे दाखवून या," सर म्हणाले. निघताना त्यांनी दोन्ही कागदांकडे पाहिलं. "जिन्यात कुठलं लावू? तुमचं फार छान झालंय, गुमास्ते."

"माझं नको," मी म्हणालो. "मला दिसलेलं नाही ते."

मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, "चांगला पिकलाय. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. आजोबा, तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघत होता. निळं त्यातून येतच नव्हतं." इतका हळूहळू येतो म्हणे की माणसाला कळतच नाही. उजवा डोळा लगेच करायचं ठरलं. माझ्या वडिलांचा डोळा असल्याच ऑपरेशनात गेला होता, त्यामुळे मी भेदरलो होतो. पण आदल्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या माझ्या मनात डोळ्यापेक्षा हंसच जास्त येत होता. महिनाअखेरीला तो यवतेश्वराच्या डोंगराकडे उतरतो. मग पुढच्या पावसाळ्यानंतरच त्याची गाठ पडायची. तोवर तो निळा फक्त कुमुदचा राहणार होता.

डोळा केला. पट्टी सुटली. थेंब घालायचे, वाकायचं नाही, दुर्बिणीला इतक्यात डोळा लावायचा नाही, असं सांगून घरी पाठवलं. घरी मी पाहिलं तर स्वयंपाकघराची भिंत निळी होती. ती पांढरी आहे असं मी समजत होतो. कुमुद हसून हसून बेजार झाली.

पण संध्याकाळ झाली की ती परसात जायची आणि मी आत बसायचो. खिडकीतून मला तिची पाठ दिसायची आणि स्टूल. आता ती स्वतःच तारा धरायला शिकली होती.

"आज पेरूच्या खाली आला," ती आत येऊन सांगायची.

"निळा आहे?"

"आहे की."

"कसा आहे?"

"कसा म्हणजे? निळा. झोपा आता."

जिन्यात तिची फ्रेम लागली. मंडळ पेढे घेऊन आलं. मी दोन खाल्ले. काय करणार?

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी चहासुद्धा न घेता दुर्बिणीपाशी जाऊन बसलो. अंधार पडायची वाट बघितली. हंस पश्चिमेला बराच खाली आला होता. चोच खाली, डोंगराकडे. चोच भिंगात आणायला वेळ लागला. कुमुद शाल घेऊन मागे उभी होती.

मी उजवा डोळा लावला.

पिवळा होता. सोन्यासारखा झळाळत होता, आणि त्याच्या कुशीत तो होता. निळा! मी डोळा मिटला, डावा लावला. राखाडी. परत उजवा लावला. निळा! इतका निळा की आजवर मी निळा म्हणून जे जे काही पाहिलं होतं ते सगळं पाणी घातलेलं वाटावं. आणि कडेला कुमुदचा तो अंधूक तारा, तोही जागच्या जागी. महिनाभर हिला हे रोज दिसत होतं, भाजी चिरून ठेवून ही रोज येऊन हे बघून जात होती. तेव्हा मी तिच्यावर जळत होतो ते चित्राच्या कौतुकासाठी, जिन्यातल्या जागेसाठी. जळायचं खरं कारण मला त्या संध्याकाळी दिसलं, आणि मी नव्यानं जळलो.

"दिसला?" कुमुदनं विचारलं.

"थांब."

"अहो, दिसला का?"

"थांब ना जरा!"

मी कागद मागितला. डबा मागितला. निळी पेन्सिल या वेळी पांढऱ्या उजेडात दोनदा तपासून घेतली आणि दाबून भरली. एवढ्यानं भागेना, म्हणून वरून पुन्हा भरली. मग कागद तिच्या हातात दिला. तिनं व्हरांड्यातला दिवा लावून पाहिला.

"इतका?" तिनं विचारलं.

"इतका."

"इतका नाहीये हो. फिकट आहे. मी इतके दिवस बघतेय."

"मला जो दिसला तो काढलाय. हवं तर पाठीला पाठ कर."

दिवा घालवून ती स्टुलावर बसली. एक डोळा तळहातानं झाकून तिनं पाहिलं. मग तळहात काढून पदरानं डोळा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मी मागे उभा होतो, अंगावर तिनं आणलेली शाल. हंसाची चोच डोंगराला टेकायला आली होती.

"तुम्हाला खरंच इतका गडद दिसतो?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं. मला ते लगेच ओळखू आलं. महिनाभर मी त्याच आवाजात तिला प्रश्न विचारत होतो.

नव्या भिंगातून सुरुवातीला निळा जरा जास्तच निळा दिसतो, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. ते मी कुमुदला आजतागायत सांगितलेलं नाही.

"खरंच," मी म्हणालो. "याहूनही गडद. तेवढी पेन्सिल आपल्याकडे नाही."

तिनं दुर्बिणीचा डोळा सोडला नाही. तारा डोंगराआड जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग दुर्बिणीवरून मान न वळवता म्हणाली, "उद्या त्या डॉक्टरांकडे मलाही न्या."

"तुझे डोळे चांगले आहेत, कुमुद."

"असू देत. न्या म्हणते ना!"